पैठणीचे पोवाडे आणि चिटाचा परकर

मराठी समीक्षेला कापडाची परिभाषा फार प्रिय आहे. कवितेला पोत असतो, कादंबरीची वीण घट्ट किंवा विसविशीत असते, कथानकाचे धागे कुठे जुळतात, कुठे सुटतात, आणि एखादे प्रकरण उरलेल्या मजकुराशी एकजीव झाले नाही तर त्याला ठिगळ म्हणतात. या परिभाषेविषयी आमची तक्रार नाही. ती अर्थवाही आहे आणि जुनीही आहे. तक्रार आहे ती तिचा सढळ वापर करणाऱ्या वर्गाविषयी. या वर्गातल्या दहा जणांच्या हाती वीतभर कापड देऊन त्याचा उभा धागा कोणता आणि आडवा कोणता असे विचारले, तर किती जणांना सांगता येईल? (उत्तर अवघड नाही. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने सहसा कमी ताणते, आडव्या दिशेने थोडे अधिक, आणि कोनातून, म्हणजे उरेप, ओढले तर सर्वांत अधिक.) ज्या व्यवहारातून इतक्या प्रतिमा उसन्या घेतल्या, त्या व्यवहारातले ज्ञान मात्र आमचा वाचणारा-लिहिणारा वर्ग ज्ञानात जमा धरत नाही. ते 'बायकांचे काम' म्हणून एका कोपऱ्यात, 'शिंप्याचे काम' म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात आणि अलीकडे 'छंद' म्हणून तिसऱ्या कोपऱ्यात टाकून दिलेले आहे.

या लेखाचा विषय त्यामुळे पुष्कळांना किरकोळ वाटेल. विषय आहे गमतीदार छापाच्या सुती कापडाचा, घरी शिवलेला, साधा परकर. शाळकरी मुली आज ज्याला स्कर्ट म्हणतात तो. आमचे प्रतिपादन असे की असा परकर शिवता येणे ही एक साक्षरता आहे, ती मुलींइतकीच मुलग्यांनाही यायला हवी, आणि ती नसताना वस्त्रपरंपरेविषयी जी भाषणे होतात ती पोकळ असतात. हे प्रतिपादन आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात करत आहोत, कारण वस्त्रपरंपरेचा अभिमान आणि वस्त्रविद्येचे अज्ञान यांचा संसार इतक्या सुखाने चाललेला दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

मलिक अंबरने १६१० साली खडकी म्हणून वसवलेले, पुढे औरंगाबाद झालेले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाणारे हे शहर कापडाच्या बाबतीत भाग्यवान आहे. पन्नासेक किलोमीटरवर पैठण, आणि पैठणीला तर भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळालेली. खुद्द शहरात हिमरू आणि मशरू. शंभरेक किलोमीटरवर अजिंठा, जिथल्या भित्तिचित्रांतल्या स्त्रियांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रे आजही दिसतात. एवढे भांडवल हाताशी असल्यावर वक्त्यांना काय कमी? महोत्सव असो, परिसंवाद असो, पाहुण्यांचे स्वागत असो, पैठणीचा मोर आणि हिमरूची शाल यांच्यावाचून प्रास्ताविक पुरे होत नाही. 'आपला वारसा', 'आपली ओळख', 'जगाच्या नकाशावर' हे शब्दप्रयोग ठरलेल्या क्रमाने येतात. टाळ्या होतात. वक्ता आणि श्रोते घरी जातात, आणि सदऱ्याचे एक बटण तुटलेले असेल तर तो सदरा आठवडाभर खुंटीवर लोंबत राहतो, कारण ते लावायचे कोणी हा प्रश्न घरात सुटलेला नसतो.

या वारसाभक्तांनी आपल्याच दैवताचे चरित्र थोडे बारकाईने वाचले तर बरे होईल. हिमरू या शब्दाची जी व्युत्पत्ती सामान्यतः सांगतात ती 'हम-रूह' या फारसी शब्दापासून, म्हणजे 'सारखे', 'त्यासारखे दिसणारे'. कशासारखे? तर सोन्यारुप्याच्या तारांच्या किनखापासारखे. ज्यांना किनखाप परवडत नव्हता त्यांच्यासाठी सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन विणलेले ते स्वस्त प्रतिरूप होते. मशरूची कथा याहून मौजेची. मुसलमान पुरुषाच्या त्वचेला शुद्ध रेशीम लागू नये या धर्मनियमातून वाट काढण्यासाठी बाहेरून रेशीम आणि अंगाला सूत अशी विणीची युक्ती विणकरांनी काढली. म्हणजे आज काचेआड ठेवून ज्यांची आरती होते ती दोन्ही कापडे मूळची अडचणीतून निघालेली आहेत: एक खिशाच्या, दुसरे नियमाच्या. त्यांचे मोठेपण त्या चातुर्यात आहे. आहे त्या साधनांत हवे ते कसे बसवावे हा प्रश्न विणकराने सोडवला. हाच प्रश्न गुलमंडीवरून पाऊण मीटर छापील कापड आणून मुलीसाठी परकर बेतणारी बाई सोडवत असते. पहिल्याला आम्ही वारसा म्हणतो आणि दुसरीला काहीच म्हणत नाही.

काहीच म्हणत नाही हे शब्दशः खरे आहे. साडीवर मराठीत किती लिहिले गेले याची मोजदाद नको. पण जिच्या आधाराने ती साडी उभी राहते त्या साडीखालच्या परकराविषयी किती लिहिले गेले? सहा कळ्या, नेफा, नाडी, आणि वर्षानुवर्षांचा वापर एवढे त्याचे चरित्र. ते कोणी लिहिले नाही. परकर-पोलक्यातली मुलगी आमच्या कथा-कादंबऱ्यांतून हिंडली खरी, पण ती गतकाळाची निरागस खूण म्हणून. तो परकर कोणी शिवला, किती कापडात बसवला, पुढल्या वर्षी मुलगी वाढल्यावर त्याचे काय केले, हे लेखकाने विचारले नाही आणि समीक्षकाला ते आठवण्याचे कारण नव्हते.

म्हणून आता तो परकर कसा होतो ते सांगतो. साहित्यविषयक लेखात हे कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी हा परिच्छेद अवश्य वाचावा, कारण लेखाचा मुद्दा इथेच आहे. आठ वर्षांच्या मुलीची कंबर ५६ सेंटीमीटर धरू. बाजारातल्या पुष्कळशा छापील सुती कापडाचा पन्हा ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटीमीटर असतो. चुण्यांच्या परकराला कंबरेच्या दीडपट ते दुप्पट घेर लागतो. इथे पन्हा नेमका कंबरेच्या दुप्पट आहे. तेव्हा पन्हा अंगाभोवती फिरवला की घेर झाला. परकराची उंची ५० सेंटीमीटर हवी असेल तर वर नेफ्यासाठी ५ आणि खाली दुमडण्यासाठी १० धरून ६५ सेंटीमीटर कापड पुरते. ते आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचे, म्हणजे आटायचे ते आधीच आटते. मग दोन्ही किनारी सुलट बाजू आत ठेवून एकमेकींना जोडणारी एक सरळ टीप. किनार विणलेलीच असल्यामुळे तिचे धागे सुटत नाहीत. वेगळे ओव्हरलॉक नको. वर नेफा, त्यात इलास्टिक किंवा नाडी. इलास्टिक कंबरेपेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी. खाली दुमड. मशीन नसेल तर धावदोरा आणि अधूनमधून उलटटीप घालून हातानेही होते. नवशिक्याला तीन-चार तास लागतील. एका आयताचा परकर झाला. कातरण म्हणून फेकायला जवळजवळ काही उरले नाही.

त्या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबावे. धोतर, साडी, उपरणे, लुगडे ही आमची जुनी वस्त्रे न कापलेली, न शिवलेली. कापड विणताना जो आयत निघाला तो तसाच अंगावर. चुण्यांचा परकर हा शिवलेल्या कपड्यांपैकी त्या परंपरेच्या सर्वांत जवळचा. तो आयताला फक्त एकदा वळवतो आणि वर गोळा करतो. आणि खालची ती दहा सेंटीमीटरची दुमड पाहा. मुलगी वाढली की ती उसवून परकर उतरवता येतो. आज शिवताना दोन वर्षांनंतरच्या उंचीची तरतूद करून ठेवणे हा विचार आहे, योजना आहे, किंबहुना अर्थशास्त्र आहे. वस्त्रपरंपरेचे जे काही सातत्य म्हणायचे ते इथे जिवंत आहे. महोत्सवातल्या शालीत ते शोधण्याची गरज नाही.

आता छापाकडे वळू. कापडावर हत्ती आहेत असे समजा. किंवा छत्र्या, मांजरी, अननस, आगगाड्या, काहीही. हत्तींचे पाय तागाच्या लांबीकडे असतील तर वरच्या हिशेबाने ते परकरावर नीट उभे राहतील. पाय किनारीकडे असतील तर तसे कापल्यास सगळे हत्ती आडवे पडतील. मग कापड फिरवून घ्यावे लागेल, लांबी अंगाभोवती आणि पन्हा उंचीला, म्हणजे ६५ ऐवजी साधारण ११५ सेंटीमीटर कापड लागेल आणि बाजूला जी लांबट पट्टी उरेल तिचा खिसा किंवा पिशवी करता येईल. जोडाच्या टिपेवर अर्ध्या हत्तीला दुसऱ्या हत्तीची सोंड लागणार असेल तर तो जोड मागे घ्यायचा की छापाचे अंतर मोजून बरोबर जुळवायचा हेही ठरवावे लागेल. दिशा, पुनरावृत्ती, प्रमाण, जोड. समीक्षेच्या वर्गात रचनाविचार म्हणून जे शिकवले जाते ते याहून फार वेगळे असते असे आम्हाला वाटत नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत धातूच्या पत्र्यावर असेच मोजून खुणा केल्या की ते तंत्रज्ञान ठरते. तीच आखणी कापडावर खडूने केली की तो विरंगुळा.

गमतीच्या छापाविषयीची नाकमुरडही तपासून पाहायला हवी. पैठणीवरचा मोर गंभीर आणि परकरावरची मांजर थिल्लर, ही प्रतवारी केव्हा आणि कोणी लावली? जुन्या मराठीत छापील कापडाला चीट म्हणत. हिंदीतली छींट तीच, आणि इंग्रजीतले चिंट्झ हे तिचेच रूप. या चिटेचा इतिहास नाक मुरडणाऱ्यांना अडचणीचा आहे. गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे कैरोजवळच्या फुस्तातच्या उत्खननात सापडलेले आहेत. सतराव्या शतकात भारतीय छापील कापडाने युरोपातल्या बायकांना असे वेड लावले की तिथल्या लोकर आणि रेशमाच्या विणकरांचे धाबे दणाणले. फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने आधी आयातीवर बंधने आणली आणि मग १७२१ च्या कायद्याने असे कापड वापरण्यावरच बंदी आणली. ती १७७४ साली उठली. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छापील कपडे फाडले. पोट जळत असलेल्या विणकरांचा राग समजू शकतो. पण तो निघाला कोणावर हेही पाहायला हवे. फुलापानांचा स्वस्त, धुतला तरी रंग न सोडणारा घागरा ही राज्यसंस्थेला धोकादायक वाटलेली वस्तू होती. मोलकरणीने आणि मालकिणीने एकसारखी फुले अंगावर घालावीत हे ज्यांना खुपले त्यांचीच प्रतवारी आम्ही आज 'अभिरुची' म्हणून मिरवतो, आणि ती परकीय आहे हेही विसरतो.

येथवर आल्यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवणकाम हे स्त्रियांना घरात डांबण्याचे साधन होते. वधूपरीक्षेत 'मुलीला शिवण येते का' हा प्रश्न ठरलेला असे. शिवणाचा वर्ग म्हणजे दहावी आणि लग्न यांच्या मधली प्रतीक्षालये होती. ज्या पिढीच्या बायकांनी मशीन झाकून पुस्तक उघडले त्यांना परत मशीनकडे पाठवता काय? यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? स्वयंपाकही याच रीतीने बायकांच्या गळ्यात मारला गेला. म्हणून स्वयंपाक हे ज्ञान नव्हे असे कोणी म्हणत नाही, तो पुरुषांनाही यावा असे म्हणतात. शिवणाच्या बाबतीत मात्र आम्ही विचित्र न्याय केला. सक्ती काढताना विद्याच काढून टाकली, आणि पुरुषांना ती शिकवण्याचा प्रश्न उपस्थितच झाला नाही. शिवणाला दुसरा इतिहासही आहे. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, १९०९ नंतरच्या काळात, शिवणाचे वर्ग चालत ते निराधार बायकांना स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून. त्याच सुईने कोणाला बांधले आणि कोणाला सोडवले. कोण शिकते, कोणासाठी शिवते आणि मोबदला कोणाच्या हाती पडतो, यावर ते ठरते.

मोबदल्याचा विषय निघालाच आहे तर त्याचा पुढचा भाग पाहू. बाई विधवा झाली, परित्यक्ता झाली, तिचा नवरा आत्महत्या करून गेला, गावात दुष्काळ पडला: या सर्वांवर आमच्या समाजाकडे एकच उत्तर आहे, शिलाई मशीन. मराठवाड्यात शिलाई मशीन वाटपाचे किती कार्यक्रम होतात! मंडप, हार, रांगेत मांडलेली मशिने, रांगेत उभ्या केलेल्या बायका आणि मधोमध देणारे. २०२३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांतही शिंपी आहेच. देणे वाईट नाही. पण मशीन देणाऱ्यांपैकी किती जण त्या बाईकडून आपल्या मुलीचा परकर शिवून घेतात? मुलीचे कपडे येतात मोठ्या दुकानातून किंवा मोबाइलवरून, तयार. मशीन मिळालेल्या बाईच्या वाट्याला उरतो फॉल-पिको, ब्लाऊजची शिवण सोडवून देणे आणि पडद्यांच्या कडा. त्यातही घासाघीस. "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" हे वाक्य उच्चारणाऱ्याने आयुष्यात एकदा जरी एक नेफा सरळ शिवला असता तर ते त्याच्या तोंडून निघाले नसते.

हा आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे, म्हणून तो स्पष्ट शब्दांत मांडतो. सर्वांनी आपापले कपडे घरी शिवावेत असे आम्ही म्हणत नाही. तसे झाले तर शिंप्यांच्या पोटावर पाय येईल आणि आमचेही दिवस शिवण्यातच जातील. आमचे म्हणणे आहे की प्रत्येकाने निदान एक परकर शिवलेला असावा. ज्याने तो शिवला त्याला कळते की कापडाची सरळ कड धरून ठेवायला किती लक्ष लागते, वळणावर पाय मंद करावा लागतो, बॉबिनचा दोरा अर्ध्यावर संपतो, उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग तो दीडदोनशे रुपयांचा तयार स्कर्ट हाती घेतो तेव्हा त्याच्या मनात आपोआप हिशेब उभा राहतो: कापूस, सूत, विणकाम, छपाई, कापणी, शिलाई, वाहतूक, दुकानाचे भाडे, सर्वांचा नफा, हे सगळे वजा जाता शिवणाऱ्या हातांना काय मिळाले असेल? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक तयार कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत बोलावले गेले. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत कोण भरतो हे त्या दिवशी दिसले. ज्याला शिवणीतले काहीच कळत नाही त्याला ही बातमी एक दुर्घटना म्हणून कळते; ज्याच्या बोटाला सुई टोचली आहे त्याला ती आपल्या कपाटापर्यंत आलेली दिसते.

मराठवाड्याच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक ओळ घालावी लागते. कापूस आमच्या शेतात पिकतो. तो गाठी बांधून जातो. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर विणले जाते, छापले जाते जेतपूर, पाली, बालोतऱ्याला, शिवले जाते आणखी कुठेतरी, आणि शेवटी शहागंजात किंवा एखाद्या मॉलमध्ये परत येते ते तयार वस्तू म्हणून. या साखळीतला पहिला दुवा आणि शेवटचा दुवा, म्हणजे पिकवणारा आणि नेसणारा, एवढेच आमच्याकडे. मधले सगळे परक्या हातात गेले. साखळीतला अखेरचा, सर्वांत कमी भांडवलाचा दुवा, शिलाई, तेवढा तरी घरोघर शिल्लक होता. तोही आम्ही आपण होऊन सोडला आणि त्याला प्रगती म्हटले.

यंत्राविषयी भीड असणाऱ्यांसाठी एक नोंद. गांधीजी यंत्रांचे सरसकट शत्रू होते असे मानणाऱ्यांनी त्यांची १९२४ मधली मुलाखत पाहावी. सर्व यंत्रांना आपला विरोध आहे का, या प्रश्नावर त्यांनी अपवाद म्हणून नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते बनवले, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षातला सिंगर तसा गृहस्थ नव्हता. १८५१ साली त्याने एकस्व मिळवले ते पैशासाठी. पण गांधीजींचा निकष त्यामुळे चुकत नाही. जे यंत्र माणसाला बाजूला सारत नाही, त्याच्या हाताला साथ देते, ते त्यांना चालत होते. पायट्याच्या मशीनवर बसलेल्या माणसाचे हात, पाय आणि डोळे एकाच वेळी एकाच कामात असतात. असे आणखी कोणते यंत्र आमच्या घरात आहे?

दुसरा आक्षेप वेळेचा. तीन-चार तास कोणाकडे आहेत? सकाळपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईने हे म्हटले तर आम्ही मान खाली घालून ऐकू, आणि तिच्या घरातल्या पुरुषाला परकर शिवायला बसवावे असे सुचवू. मोबाइलच्या पडद्यावर रोज तितकेच तास घालवणाऱ्यांनी मात्र हा आक्षेप घेऊ नये.

तिसरा प्रकार आक्षेपाचा नव्हे, कौतुकाचा आहे आणि आम्हाला तो जास्त घातक वाटतो. शिवणकामाला 'छंद' म्हणून नवी प्रतिष्ठा मिळते आहे. महागडे कापड, महागडी कात्री, सुंदर डबा, आणि तयार झालेल्या वस्तूपेक्षा तिच्या छायाचित्राला अधिक महत्त्व. यात शिवण येणे ही एक ऐपत होते. पैठणी जशी कपाटात जाते तशी ही विद्याही कपाटात जाईल. साध्या परकराला हातशिलाईची सुई, एक रीळ, कात्री, टेप, खडू आणि पाऊण मीटरपेक्षा कमी कापड लागते. तो घालून मुलगी धुळीत बसली तरी चालते, झाडावर चढली आणि फाटला तरी पुन्हा टाका घालता येतो. आणि कडेच्या टिपेत वीतभर फट ठेवून आतून पिशवी जोडली की त्याला खिसा होतो. मुलींच्या तयार कपड्यांना खिसे का नसतात, किंवा असले तर ते खोटे का असतात, हा प्रश्न ज्यांनी स्वतः खिसा शिवला त्या मुली नक्की विचारतील.

मग हे शिकवायचे कोणी? शाळेने, हे उघड आहे. आणि त्यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधण्याचीही गरज नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे, सुचवले आहेत. ऐंशी-नव्वद वर्षे आम्ही हेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत आहोत आणि पुन्हा पुन्हा कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकत आहोत. त्या दहा दिवसांपैकी दोन दिवस तरी या शहरातल्या प्रत्येक शाळेने मुलगे आणि मुली दोघांनाही कापड, सुई आणि एखादा शिंपी किंवा शिलाई करणारी बाई शिक्षक म्हणून द्यावी, आणि तिला मानधन द्यावे. माप घेणे, पन्ह्यावरून कापड काढणे, एक टीप, एक नेफा, एक दुमड. परिमिती, गुणोत्तर आणि मोजमाप हे गणित त्यात आयतेच येते, म्हणजे गणिताच्या शिक्षकांनाही तास बुडाल्याचे दुःख नको.

हातकामात विचार नसतो असे अजूनही ज्यांना वाटते त्यांना मराठवाड्यातल्याच एका शिंप्याची आठवण करून द्यावी लागते. हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे परंपरेने ज्यांचे गाव म्हणून सांगितले जाते त्या नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांत गज, कातर, सुई आणि दोरा ही त्यांच्या व्यवसायाची अवजारे भक्तीची अवजारे होऊन येतात. आमच्या समीक्षेतल्या पोत आणि वीण यांच्यापेक्षा ती प्रतिमा जड आहे, कारण ती वापरणाऱ्याच्या हाताला कात्रीचे घट्टे पडलेले होते. सातशे वर्षांपूर्वी या भाषेत शिवणारा आणि लिहिणारा हे एकच माणूस असू शकत होते. मधल्या काळात आम्ही लिहिणाऱ्याला वर बसवले, शिवणाऱ्याला खाली, आणि शिवणारीला तर मोजलेच नाही.

तेव्हा वारशावर बोलणाऱ्या सर्व विद्वज्जनांना आमची विनंती एवढीच. टिळकपथावर किंवा शहागंजात जावे. हत्तींचे, छत्र्यांचे, मांजरींचे, आवडेल त्या छापाचे ६५ सेंटीमीटर सुती कापड घ्यावे, हत्तींचे पाय कुठे आहेत ते पाहून. एक रीळ आणि अर्धा मीटरभर इलास्टिक घ्यावे. रविवारची दुपार काढावी, आणि घरातल्या, शेजारातल्या, नात्यातल्या एखाद्या मुलीसाठी परकर शिवून, तो तिला होतो की नाही हे पाहावे. तो तिला झाला आणि ती तो घालून खेळायला पळाली, की मग खुशाल पैठणीवर भाषण करावे. आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.